युद्धाच्या काळातली निवडणूक



'आधी युद्ध संपू दे, मग बायकांचं बघू', हे वाक्य आपल्या ओळखीचं आहे. १९१८ साली अमेरिकेतल्या बायकांनीही ते ऐकलं. जानेवारीत प्रतिनिधिगृहाने स्त्रियांच्या मताधिकाराची घटनादुरुस्ती मंजूर केली. सप्टेंबरअखेर राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी स्वतः सिनेटपुढे तिची बाजू मांडली. तरी दुसऱ्याच दिवशी ती दोन मतांनी पडली.

बायका थांबल्या नाहीत. ५ नोव्हेंबरला, अध्यक्षांच्या मुदतीच्या मध्यावर येणारी संसदेची निवडणूक होती. युद्ध चालू, फ्लूची साथ, गावोगाव सभांना बंदी. तरीही कोणी विरोधात मत दिलं, हे त्यांनी मतदारांना नावानिशी सांगितलं. मॅसॅच्युसेट्सचे वीक्स आणि डेलावेअरचे सॉल्सबरी हे दोघे सिनेटर हरले. गंमत म्हणजे या दोन्ही राज्यांत बायकांना मतच नव्हतं! पुरुषांची मतं वळवावी लागली. जून १९१९मध्ये सिनेटने दुरुस्ती मंजूर केली, १९२०मध्ये ती अमलात आली.

पण हिशेब पुरा मांडू या. १९१७ साली युद्धाविरुद्ध मत देणारी संसदेतली पहिली स्त्री, जेनेट रँकिन, याच निवडणुकीत सिनेटसाठी उभी राहिली आणि हरली. दक्षिणेतल्या बहुसंख्य काळ्या बायकांना तर मतासाठी १९६५च्या कायद्यापर्यंत झगडावं लागलं.

म्हणून 'नंतर बघू' म्हणणाऱ्यांना आपण एकच विचारायचं: नंतर म्हणजे कधी, आणि कोणाकोणासाठी?