वाळवंटातील घोरपड आणि मार्टू स्त्रिया



ज्या प्राण्याची शिकार होते तो घटतो, हा हिशेब वर्गात नित्य मांडला जातो. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेकडील वाळवंटात तो उलटा ठरला आहे.

तेथील मार्टू या आदिवासी लोकांच्या स्त्रिया हिवाळ्यात स्पिनिफेक्स नावाच्या टोचऱ्या गवताला आग लावतात. गवत जळाले की वाळूतील बिळे उघडी पडतात. मग काठीने वा लोखंडी पहारीने उकरून आत सुस्त पडलेली घोरपड काढली जाते. (ही भारतातील घोरपडीचीच सगोत्र.) या आगी लहान असतात. त्यामुळे कोठे नुकतीच जळालेली भूमी, कोठे कोवळी फूट, कोठे जुने दाट गवत, असे ठिगळाठिगळांचे रान तयार होते. घोरपडीला त्यात भक्ष्य व आसरा जवळजवळ लाभतात, आणि विजेने पेटलेला वणवाही फार पसरत नाही.

१९६० च्या दशकापर्यंत बहुतेक मार्टू कुटुंबे आपली भूमी सोडून मिशनांच्या वसाहतींत गेली होती. मागे मोठमोठे वणवे मोकाट सुटले. १९८० च्या दशकात काही कुटुंबे परतली. मनुष्याने शिकार थांबवली तर प्राणीही नाहीसे होतील, अशी त्यांची पूर्वापार धारणा. बाहेरच्यांना ती केवळ श्रद्धा वाटे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मात्र, जेथे शिकार सर्वांत अधिक तेथेच घोरपडी अधिक, असे आढळले. त्या निबंधाच्या लेखकांत न्यालांगका टेलर या मार्टू स्त्रीचेही नाव आहे.