दगड मारणारा सापडला नाही, मग धरलं कोणाला?

मुरबाड, शहापूरकडच्या बायांना शीवचं मोठं हॉस्पिटल माहीत आहे. कल्याणला लोकल पकडायची आणि शीवला उतरायचं. सोबत आलेलं माणूस रात्री जागा मिळेल तिथं चादर टाकून आडवं होतं. याच शीव आणि किंग्ज सर्कलच्या फूटपाथवर १९८५ ते १९८७ या काळात झोपलेल्या माणसांचे खून होत होते. आजची गोष्ट तिथून सुरू होते.

पद्धत एकच. एकटं झोपलेलं माणूस बघायचं आणि मोठा दगड उचलून त्याच्या डोक्यात घालायचा. दोन वर्षांत सुमारे बारा जणं गेली. पहिले काही खून झाले तेव्हा ते एकाच हातचे आहेत, हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही. कसं येणार? फूटपाथवरचा माणूस मेला तर बोभाटा करायला कोण असतं? भांडण झालं असेल, दारू प्याला असेल, असं म्हणून कागद बंद. चेहरे असे चेचलेले की कित्येकांची ओळखच पटली नाही. ना गाव कळलं, ना घरच्यांना निरोप गेला. एक माणूस वाचला, हॉटेलात वेटर होता. पण अंधारात मारणाऱ्याचा चेहरा त्याला दिसला नाही.

मग खून आपोआप थांबले. पुढं १९८९ साली कलकत्त्यात तसेच सुरू झाले, सहा महिन्यांत तेरा. तिथल्या वर्तमानपत्रानं त्याला ‘स्टोनमॅन’ म्हटलं, म्हणजे दगडवाला. तिथं पोलिसांनी संशयावरून बरीच माणसं उचलली आणि पुराव्याअभावी सोडून दिली. मुंबईचा आणि तिथला खुनी एकच होता की दोन, की अनेक, याचा उलगडा आजपर्यंत झालेला नाही. शिक्षा एकालाही नाही.

आता बघा, असा तपास अडला की संशय कोणावर जातो? जो रात्री भटकतो, ज्याचं डोकं ठिकाणावर नाही, ज्याला पत्ता विचारला तर सांगता येत नाही, त्याच्यावर. म्हणजे जी माणसं मरत होती, त्यांच्यातल्याच कोणावर तरी.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, ताई, संशयिताला सोडलं की तो पुन्हा खून करतो, रामन राघवचं काय? बरोबर आहे, ते टाळून चालणार नाही. १९६५-६६ साली मुंबईच्या पूर्व उपनगरांत, रेल्वेलाइनीच्या कडेला झोपणाऱ्यांवर हल्ले झाले. तेव्हा तो पोलिसांच्या हाती लागला होता, पण पुरावा नाही म्हणून सुटला. १९६८ साली पुन्हा खून झाले, आणि ऑगस्टमध्ये एका फौजदारानं त्याला रस्त्यावर ओळखून धरलं. ओळखलं ते पोलिसांच्या दप्तरातल्या फोटोवरून, आणि खात्री पटली बोटांच्या ठशांवरून. म्हणजे कामाला आले ते नीट जपलेले कागद. दिसेल त्या भिकाऱ्याला धरून काही झालं नसतं.

कागद असूनही ते बाजूला ठेवले तर काय होतं, ते नाशिकच्या खटल्यात दिसतं. ही गोष्ट मी जरा सावकाश सांगते.

५ जून २००३ ची रात्र. नाशिकजवळ शेतातल्या झोपडीत एक गरीब कुटुंब राहत होतं. चोर शिरले. पाच जणांना मारलं, त्यात पंधरा वर्षांची लेक होती, तिच्यावर अत्याचारही झाला. आई आणि एक मुलगा जखमी होऊन वाचले. दोन दिवसांनी त्या आईला पोलिसांनी सराईत गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला. तिनं चार फोटोंवर बोट ठेवलं. हेच ते, म्हणाली.

त्या चौघांवर खटलाच झाला नाही. खटला झाला वेगळ्याच सहा जणांवर. भटक्या जमातीची, मोलमजुरी करणारी माणसं. नंतर ओळखपरेड झाली, तीत त्यांना ओळखल्याचं दाखवलं गेलं. खालच्या कोर्टानं सहाही जणांना फाशी दिली. हायकोर्टानं तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. २००९ साली सुप्रीम कोर्टानं पुन्हा सहाही जणांना फाशी ठेवली. त्यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अठराचासुद्धा नव्हता, हे नंतर सिद्ध झालं.

मग त्याच सुप्रीम कोर्टानं प्रकरण पुन्हा उघडलं आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष सोडलं. आईनं दाखवलेल्या चौघांचा तपास का केला नाही, हा प्रश्न कोर्टानं विचारला. चुकीच्या तपासाबद्दल जबाबदार अधिकाऱ्यांची चौकशी करा, सरकारनं प्रत्येकाला पाच लाख रुपये द्या, असा हुकूम झाला. सोळा वर्षं गेली होती. कोणाची लेकरं बापाला न बघता मोठी झाली असतील, याचा हिशोब पाच लाखांत कसा मांडायचा?

आणि त्या आईचं काय? मला सारखी तीच आठवते. तिनं दोन दिवसांत खरं सांगितलं, आणि तिचं सांगणं फाइलीत पडून राहिलं. चुकीची माणसं आत गेली, म्हणजे तिची लेक मारणारे बाहेरच राहिले. निरपराधाला अडकवणं म्हणजे पीडित बाईवर उपकार, असं कोणी म्हणत असेल तर त्याला हे सांगा.

भटक्या लोकांवर पहिला संशय का, याला जुनं कारण आहे. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. मूल पाळण्यात असतानाच त्याच्यावर शिक्का. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. म्हणून त्यांना विमुक्त म्हणतात. कायदा गेला, पण आपल्या ओट्यावरच्या बोलण्यातून गेला का?

१ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आली, अशी मोबाइलवर अफवा. डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, भिक्षा मागायला आलेली, जमावानं ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकली. आणि १६ एप्रिल २०२० ला, आपल्या ठाण्यातूनच वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात, गडचिंचल्याला अशाच अफवेनं दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर गेला. मारणारे सगळे आपल्यासारखेच घरदार असलेले. त्यांच्या बायकांनी नंतर जेलच्या फेऱ्या मारल्या.

तेव्हा आपल्या गटात एवढं ठरवून ठेवा. बोहारीण, नंदीबैलवाला, मध विकणारा, वेडसर फिरणारी बाई, कोणीही अनोळखी दिसलं तर मेसेज पुढं ढकलायचा नाही. पोलीस पाटलाला सांगायचं, ११२ ला फोन लावायचा, आणि पोलीस येईतो त्या माणसाला घरात बसवून पाणी द्यायचं. चार बाया दारात उभ्या राहिल्या की गर्दीतला पहिला हात उचलला जात नाही.

आणि वीटभट्टीवर गेलेल्या तुमच्या घरातल्या कोणाला पोलिसांनी नेलं तर घाबरून बसू नका. कशासाठी धरलं, हे सांगावं लागतं. चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात गुन्ह्याचा पुरावा धरला जात नाही. बाईला सूर्यास्तानंतर अटक करायची तर खास कारण आणि मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते. कोठडीतल्या माणसाला, कुठल्याही बाईला, आदिवासी आणि अनुसूचित जातीच्या माणसाला वकील फुकट मिळतो, मिळकत कितीही असो. मुरबाड, शहापूर किंवा कल्याण कोर्टात जाऊन विधी सेवा समितीचं ऑफिस विचारा, नाहीतर १५१०० हा नंबर लावा. तो गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर आजच लिहून ठेवा. नेलं कधी, कोणत्या पोलीस स्टेशनला, बघितलं कोणी, हेही त्याच दिवशी तारीख घालून लिहा.