सुगिहारांची यादी
टोकियोतील जपानी परराष्ट्र मंत्रालयाच्या अभिलेखागारात टंकलिखित नावांची एक यादी जपलेली आहे. लिथुआनियातील कौनास येथील जपानी वाणिज्यदूत चिउने सुगिहारा यांनी 1940 च्या उन्हाळ्यात दिलेल्या व्हिसांची ही नोंद. तिच्यात 2,100 हून अधिक नावे आहेत. बहुतेक नावे जर्मनीच्या आक्रमणामुळे पोलंड सोडून आलेल्या ज्यूंची आहेत.

जपानमार्गे जाण्याच्या व्हिसासाठी पुढचा मुक्काम दाखवावा लागे. ती अडचण कौनासमधील डच वाणिज्यदूत यान झ्वार्टेंडाइक यांनी सोडवली. क्युरासाओ या डच वसाहतीत जाण्यास व्हिसा लागत नाही, असा शेरा ते कागदपत्रांवर देत. प्रवेश मात्र तिथल्या गव्हर्नरच्या मर्जीवर असे, आणि ही अट शेऱ्यात गाळलेली होती. त्या गाळलेल्या वाक्याने किती जीव वाचवले! निकष पूर्ण न करणाऱ्यांना व्हिसा देऊ नये, अशी टोकियोची सूचना असूनही सुगिहारा सही करत राहिले.

निर्वासित रेल्वेने सायबेरिया ओलांडून व्लादिवोस्तोकला, तिथून बोटीने त्सुरुगा बंदरात आणि पुढे कोबेला पोहोचले. ज्यांना अन्यत्र जाता आले नाही, त्यांना 1941 मध्ये शांघायला हलवण्यात आले.

यादी वाचताना एक भान हवे. एका व्हिसावर अनेकदा संपूर्ण कुटुंब प्रवास करी. बायको-मुलांची नावे तिच्यात सापडतीलच असे नाही. उलट, व्हिसा मिळूनही काहींना लिथुआनिया सोडता आले नाही.