टाळेबंदीतील प्रेमकथा

२०२० च्या मे महिन्यात, फिलिपाइन्समध्ये टाळेबंदी असताना, ‘गेमबॉईज’ ही मालिका यूट्यूबवर आली. कायरो आणि गॅव्रील या दोन तरुणांची ही प्रेमकथा. द्रव्यबळ बेताचे, नट आपापल्या घरी, दिग्दर्शक इव्हान अँड्र्यू पायावाल दूर. परंतु या उणिवेतूनच कथेला रूप लाभले. प्रेमिकांमधील अंतर पडद्याच्या चौकटीतूनच जाणवते, आणि कायरोच्या पित्याचे आजारपण त्या प्रेमाला कर्तव्याच्या कसोटीवर आणते. दोषही आहेत. चौकटींचा एकसुरीपणा शिणवतो. गॅव्रीलचा प्रारंभीचा हट्ट प्रेमापेक्षा पाठलागाकडे झुकतो. तरीही येथे विरहासाठी कृत्रिम कारण शोधावे लागले नाही, हेच या कथेचे खरे बळ. संपन्न निर्मितीलाही ते सहसा साधत नाही.