दोन दारांची शिस्त



गोंदियाहून मुंबईचा समुद्र रेल्वेनं जवळजवळ हजार किलोमीटर दूर. तरीही आजचा विषय आपल्याला परका वाटू नये. पाण्याचा दाब म्हणजे काय, हे तलावांच्या जिल्ह्यात वेगळं शिकवावं लागत नाही. कोहळी समाजातल्या जाणत्यांनी बांधलेल्या जुन्या तलावांची पाळ वर अरुंद आणि तळाशी रुंद असते, ती उगाच नाही. जितकी खोली जास्त, तितका पाण्याचा रेटा जास्त. भरलेल्या तलावाची तळाची मोरी एकदम उघडली तर काय होतं, हे आपल्याकडच्या कुठल्याही धानउत्पादकाला ठाऊक आहे.

आता कल्पना करा, की तलावाच्या नव्हे, समुद्राच्या पोटात शंभर मीटर खोल एक बंद लोखंडी गाव आहे आणि त्याला अशी मोरी उघडायची आहे. तीही आत पाण्याचा लोंढा येऊ न देता. पाणबुडीतून टॉर्पेडो, म्हणजे पाणतीर, सोडण्याचं सगळं कौशल्य या एका वाक्यात आहे.

सुरुवातीला एक गैरसमज दूर करू. अणुपाणबुडी म्हटलं की तिचं प्रत्येक शस्त्र अणुशस्त्र, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. ‘अणु’ हे विशेषण तिच्या इंजिनाचं. अणुभट्टीच्या उष्णतेनं वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरतं. त्यामुळे बॅटऱ्या भरण्यासाठी तिला वरचेवर पृष्ठभागाजवळ यावं लागत नाही. २०१६ साली नौदलात आलेली आपली ‘अरिहंत’ अशीच आहे. तिची क्षेपणास्त्रं उभ्या नळ्यांतून सुटतात, तो विषय वेगळा. पाणतीर सोडण्याची नळी मात्र अणुपाणबुडीत आणि डिझेल पाणबुडीत मुळात एकाच तत्त्वावर चालते. रशियाकडून भाड्यानं घेतलेल्या आणि २०१२ ते २०२१ या काळात आपल्याकडे असलेल्या ‘चक्र’ या अणुपाणबुडीवर ५३३ मिलिमीटर व्यासाच्या चार आणि ६५० मिलिमीटरच्या चार नळ्या होत्या. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या ‘कलवरी’ वर्गाच्या डिझेल पाणबुड्यांवर ५३३ मिलिमीटरच्या सहा आहेत. ५३३ मिलिमीटर म्हणजे एकवीस इंच. हे माप आज जगातल्या बहुतेक नौदलांत रूढ आहे.

नळीला दोन दारं. एक आतलं, पाणबुडीच्या खोलीत उघडणारं. दुसरं बाहेरचं, समुद्राकडे उघडणारं. नियम एकच : दोन्ही दारं एकाच वेळी कधीही उघडी असता कामा नयेत. म्हणून त्यांना अशी अडसर-यंत्रणा जोडलेली असते, की एक उघडं असताना दुसरं हलूच शकत नाही.

काम कसं चालतं ते पाहू. आधी आतलं दार उघडून दीड टनाच्या आसपास वजनाचा पाणतीर नळीत सरकवतात आणि दार घट्ट लावतात. मग पाणतीर आणि नळी यांच्यामधली पोकळी पाण्यानं भरतात. हे पाणी पाणबुडीच्या आतल्याच टाकीतून घेतात. कारण बाहेरचं पाणी घेतलं तर पाणबुडी तेवढी जड होईल आणि तिचा तोल बिघडेल. त्यानंतर एक झडप उघडून नळीतला दाब बाहेरच्या समुद्राइतका करतात.

ही पायरी का महत्त्वाची? दर दहा मीटर खोलीला दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो भार वाढतो. शंभर मीटर खोलीवर ५३३ मिलिमीटर व्यासाच्या दारावर बावीस टनांहून अधिक रेटा असतो. धानाची पोती भरलेला अख्खा ट्रक दारावर टेकून उभा आहे असं समजा. ते दार ढकलणार कोण? दोन्हीकडचा दाब सारखा झाला की मात्र तेच दार सहज उघडतं.

आता पाणतीर बाहेर काढायचा. पूर्वी दाबलेल्या हवेनं तो ढकलत. पण हवेचा बुडबुडा वर आला की पाणबुडी कुठे दडली आहे ते शत्रूला कळे. म्हणून पुढे पाण्याच्याच जोरानं पाणतीर ढकलण्याची पद्धत आली. काही पाणतीर आपलं इंजिन सुरू करून स्वतःच पोहत बाहेर पडतात. अनेकांच्या मागे बारीक तार उलगडत जाते आणि तिच्यातून पाणबुडी त्यांना दिशा सांगत राहते. शेवटी तार तोडायची, बाहेरचं दार लावायचं, नळीतलं पाणी आतल्या टाकीत उतरवायचं आणि नळी रिकामी झाल्याची खात्री करूनच आतलं दार उघडायचं.

ही खात्री करण्यासाठी आतल्या दारावर एक छोटी तोटी असते. ती उघडली आणि पाणी आलं, तर नळी भरलेली आहे असं समजायचं. पण ही तोटीच खोटं बोलली तर?

१ जून १९३९ रोजी इंग्लंडजवळ लिव्हरपूलच्या उपसागरात ‘थेटिस’ या नव्या पाणबुडीची चाचणी चालू होती. पाणबुडी नीट बुडी घेईना, म्हणून नळ्या भरल्या आहेत का ते पाहायचं ठरलं. पाचव्या नळीची तोटी उघडली, पाणी आलं नाही. नळी रिकामी समजून आतलं दार उघडण्यात आलं. पण बाहेरचं दार उघडंच होतं. समुद्र आत घुसला आणि पाणबुडीचं नाक तळाला टेकलं. आत १०३ जण होते. चौघे सुटले, ९९ जण गेले. तोटीचं बारीक छिद्र रंगकामाच्या थरानं बुजलं होतं. त्यानंतर ब्रिटिश पाणबुड्यांत आतल्या दाराला एक जादा खिटी बसवण्यात आली. तिच्यामुळे दार आधी जरासंच किलकिलं होतं. पलीकडे समुद्र असेल तर तो फटीतूनच कळतो आणि दार पुन्हा लावता येतं.

धोका पाण्याचाच असतो असंही नाही. १२ ऑगस्ट २००० रोजी रशियाच्या ‘कुर्स्क’ या अणुपाणबुडीत पाणतिराच्या इंधनाचा स्फोट झाला आणि सर्व ११८ जण मृत्युमुखी पडले. १४ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत ‘सिंधुरक्षक’ या डिझेल पाणबुडीवर स्फोट होऊन आपले १८ नौसैनिक गेले. आणि पाणतीर नेमका लागला तर काय होतं, ते ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ बुडालेल्या ‘खुकरी’ युद्धनौकेनं आपल्याला दाखवलं. पाकिस्तानी पाणबुडीच्या त्या माऱ्यात १९४ जणांना जलसमाधी मिळाली.

माझगाव गोदीत बांधलेली ‘कलवरी’ डिसेंबर २०१७ मध्ये नौदलात आली. या वर्गातली सहावी ‘वागशीर’ जानेवारी २०२५ मध्ये. अशा पाणबुड्यांवर दारं आज यंत्रानं हलतात, दाब पडद्यावर दिसतो. तरी झडप, तोटी, दार हा क्रम माणसालाच पाठ करावा लागतो, आणि आधी ती तोटी खरंच मोकळी आहे ना, हेही त्यालाच पाहावं लागतं. उद्या आपल्या जिल्ह्यातला एखादा मुलगा नौदलात गेला आणि पाणबुडीवर रुजू झाला, तर त्याच्या पहिल्या धड्यांपैकी एक हाच असेल.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)