उरलेल्या मोज्याची शेळी
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



या जागेवरून आजवर लोणची, शिवणकाम, आरोग्य अशा विषयांवर जाणत्या भगिनी बोलून गेल्या. मी मात्र एका मोज्याविषयी बोलणार आहे. घरोघरी जोडीतला एक मोजा हरवतोच. उरलेला आपण टाकतही नाही आणि वापरतही नाही. त्याची शेळी कशी करावी, एवढाच माझा विषय.

बाहुल्यांचा खेळ आपल्याला परका नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळींनी कळसूत्री बाहुल्यांची परंपरा जपली. त्या कामासाठी श्री. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्या बाहुल्या दोऱ्यांवर नाचतात आणि त्यामागे पिढ्यांची मेहनत असते. आपली शेळी हातात घालायची. तिला दोन संध्याकाळी पुरतात.

पुरुषी मापाचा मोजा घ्यावा. टाच वर करून तो सपाट ठेवावा आणि बोटांच्या टोकापासून दोन्ही कडांनी सात सेंटिमीटर कापावा, म्हणजे वरचा ओठ व खालचा ओठ सुटे होतात. मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून चौदा सेंटिमीटर लांब, आठ रुंद असा लांबट गोल कापून मधोमध दुमडावा. त्यावर लाल चिंधी चढवावी. हे झाले तोंड. त्याची घडी आतल्या बाजूस ठेवून मोज्याच्या कडा त्याला बारीक टाक्यांनी शिवाव्यात. चार बोटे वरच्या पुठ्ठ्यावर, अंगठा खालच्या पुठ्ठ्याखाली. डोळ्यांना जुन्या सदऱ्याची बटणे, दाढीला उसवलेली सुतळी. शिंगांसाठी वर्तमानपत्राची निमुळती गुंडाळी वाकवून तिच्यावर कणकेच्या खळीने कागदाच्या पट्ट्या चिकटवाव्यात आणि दोन दिवस कडक उन्हात ठेवावे. खळ टिकावी म्हणून पूर्वी तीत मोरचूद घालीत. ते विषारी आहे; मुलांच्या वस्तूत मुळीच घालू नये.

शेळीला बोलवताना आपण सगळ्याच एक चूक करतो. वरची बोटे उचलतो, आणि शेळी आढ्याकडे पाहून बोलू लागते! बोटे स्थिर ठेवून अंगठा खाली न्यावा. आणि दुसरे कोणी बोलत असेल तेव्हा शेळीने त्याच्याकडे तोंड करून गप्प बसावे. ऐकणारी शेळी मुलांना बोलणाऱ्या शेळीहून खरी वाटते.

आता माझी फजिती सांगते. पहिल्या शेळीचे कान मी शिवण्याचा कंटाळा करून खळीनेच चिकटवले होते. आपल्या बालवाडीतल्या गोष्टीच्या आदल्या रात्री उंदराने एक कान अर्धा कुरतडला. दुसरा करायला वेळ नव्हता. तशीच ती घेऊन गेले, मनातून अगदी ओशाळलेली.

बालवाडीत तेव्हा एक मुलगा नवीन होता. गाव सोडून आई-बापांबरोबर आलेला. दोन महिने तो कोणाशी एक अक्षर बोलला नव्हता. मुले त्याला मुका म्हणू लागली होती आणि त्याची आई रोज दाराशी डोळे पुसून जात असे. गोष्ट संपल्यावर तो उठून पुढे आला. कुरतडलेल्या कानाला बोट लावून त्याने शेळीलाच विचारले, “दुखतंय का?”

मला काही सुचेना. शेळीने मान हलवली. “थोडं दुखतंय,” ती म्हणाली. तो तिच्याजवळ बसला आणि आपल्या घरी राहिलेल्या पाटीविषयी सांगू लागला. ती आजीकडे होती आणि तिलाही एका शिंगाला लागले होते.

शेळीने जादू केली, असे मी म्हणणार नाही. पुढेही कित्येक दिवस तो माझ्याशी बोलला नाही. जे सांगायचे ते शेळीलाच सांगे. कोणाचे मूल बोलत नसेल तर त्याला डॉक्टरांना दाखवावेच. पण बाजारातून आणलेली गोंडस शेळी असती तर त्याने तिला काय विचारले असते, हे मला अजून कळत नाही.

आता मी कान शिवते आणि शेळी पत्र्याच्या डब्यात ठेवते. एक कान मात्र मुद्दाम आखूड ठेवते. पुढच्या सभेला प्रत्येकीने आपला उरलेला मोजा, धुऊन, घेऊन यावा. सुई-दोरा मंडळाचा.