उन्हाने भाजलेले मूल
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हास भाषणासाठी पाचारण केले, तेव्हा एखाद्या गहन विषयाची त्यांची अपेक्षा असावी. परंतु दिवस वैशाखाचे आहेत आणि मंडपाबाहेर आपली मुले भर उन्हात खेळत आहेत. म्हणून उन्हाने भाजलेल्या मुलाची घरी शुश्रूषा कशी करावी, एवढेच बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम आमच्याच घरातील प्रमाद सांगतो. मागे एका मे महिन्यात आमची सात वर्षांची नात गुहागरच्या समुद्रात दुपारपर्यंत डुंबत होती. संध्याकाळी तिची पाठ आणि खांदे तापले. झग्याचा स्पर्शही तिला सोसेना. तिला पाहताच घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून पहिला उद्गार निघाला तो "पोर किती काळी पडली!" हा. लागलीच बेसन, हळद आणि लिंबू कालवून तो लेप तिच्या पाठीवर चोळण्यात आला. पोरीने किंकाळी फोडली. आम्ही त्या वेळी ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत बसलो होतो. तेव्हा या दोषात आमचाही वाटा आहे.

येथे थोडे स्पष्ट बोलतो, राग नसावा. आपल्या वधूवर-सूचीत 'गोरी' हा शब्द किती वेळा येतो, हे आपण जाणताच. तो आपल्या मनात इतका रुतला आहे की, लेकराची वेदना दिसण्यापूर्वी आपल्याला त्याचा रंग दिसतो. वस्तुतः काळवंडणे हा कातडीने स्वरक्षणार्थ योजिलेला उपाय होय. तो रंग पुढे हळूहळू आपोआप ओसरतो. भाजणे ही मात्र इजा आहे. सावळ्या मुलास ऊन बाधत नाही, ही समजूतही खोटी. त्याच्या अंगावर लाली चटकन दिसत नाही, इतकेच. हात लावून पाहावे; कातडी कढत लागली किंवा मुलाने अंग चोरले, तर ते भाजले आहे असे समजावे. लिंबाचे तर काय सांगावे! त्याचा रस अंगावर असताना ऊन लागले, तर फोड येऊन काळे डाग राहू शकतात. ज्या काळेपणाच्या भीतीने लिंबू लावावे, तोच पदरी पडावयाचा!

त्या रात्री आमच्या डॉक्टरांनी सांगितलेला उपचार अगदी साधा होता. मुलास सावलीत आणावे. साध्या गार पाण्याने १० ते १५ मिनिटे अंघोळ घालावी किंवा ओल्या मऊ फडक्याच्या घड्या ठेवाव्यात. बर्फ लावू नये. त्याने कातडीस आणखी इजा होते. अंग टिपून घ्यावे, पुसू नये. नंतर कॅलामाईन लोशन किंवा सुवासरहित मलम हलक्या हाताने लावावे. तूप, लोणी, दंतमंजन यांचे तेथे काही काम नाही. कोरफड लावावयाची असल्यास तिचा पिवळा चीक पूर्ण निथळू द्यावा आणि केवळ आतील स्वच्छ गर घ्यावा. जुन्या मलमलीचा सैल झगा घालावा. पाणी, ताक, पन्हे वरचेवर द्यावे. दुखणे फार असेल तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्यावे; ॲस्पिरिन मुलांना मुळीच देऊ नये.

उन्हाची लाली काही तासांनी उमटते आणि दाह बहुधा दुसऱ्या दिवशी अधिक होतो. म्हणून उपचार चुकला असे वाटून नवनवे लेप लावू नयेत. पुढे पापुद्रे सुटतात, ते ओढू नयेत. एखादा बारीक फोड आला तर तो फोडू नये. मात्र फोड पुष्कळ आले, ताप चढला, उलट्या झाल्या, मूल मलूल पडले किंवा ते वर्षाच्या आतील असले, तर घरगुती उपाय करीत न बसता डॉक्टरांकडे न्यावे.

आमची नात चौथ्या दिवशी पुन्हा समुद्रावर गेली. या वेळी सकाळी लवकर, लांब बाह्यांचा सदरा आणि टोपी घालून. आजीने तिच्या गालांना सनस्क्रीन लावले आणि रंगाविषयी अवाक्षर काढले नाही. तिला ते जड गेले असावे.

कार्यक्रमपत्रिकेत मुलांच्या उद्याच्या धावण्याच्या शर्यती दुपारी १२ वाजता छापल्या आहेत. त्या सकाळी ७ वाजता घ्याव्यात, अशी विनंती आम्ही चिटणीसांना केली आणि त्यांनी ती मान्य केली आहे. पालकांनी मुलांना वेळेवर उठवावे.